भीमेपलीकडची पुडी

भालकीजवळच्या मेहकरच्या राजूबाईला स्वस्थ बसलेलं कुणी फारसं पाहिलं नव्हतं. जेवायला बसली तरी एक गुडघा उभा, हाक आली की उठायला मोकळी. माहेर तिचं बिदरजवळच्या कमठाण्याचं. शेजारीपाजारी लिंगायतांची घरं, त्यामुळं कानडी तिला खेळता खेळताच आलेली. पंधराव्या वर्षी ती आप्पारावांची बायको होऊन मेहकरला आली. विसाव्या वर्षी मुलगा झाला आणि दीड वर्षाचा होऊन तापानं गेला.

त्या चार दिवसांत सासूबाईंनी, सत्यभामाबाईंनी, घरात चालत आलं होतं तेच केलं. दारं लावून घेतली, पोरावर दोन वाकळा घातल्या आणि तापात पाणी बाधतं म्हणून पाणी तोडलं. राजूबाई उंबऱ्यात उभी होती. पोराची जीभ कोरड्या ओठांवरून फिरत होती ते ती बघत होती. ती बोलली नाही. वय लहान, सून माणूस, आणि मोठ्यांना कळतं असं तिलाही वाटत होतं.

पुढं दोन वर्षांनी गया झाली.

गया चार वर्षांची झाली त्या साली आप्पारावांच्या मनात बहिणीकडं जायचं आलं. थोरली बहीण सोजराबाई अफजलपूरच्या पुढं भीमेकाठच्या एका गावात दिलेली. सहा वर्षांत भाऊबीजेला जाणं जमलं नव्हतं. आता गुलबर्ग्याहून अफजलपूरला मोटार सुरू झाली होती, ज्वारीची पेरणीही उरकली होती. सत्यभामाबाई म्हणाल्या, लेकीचं घर मलाबी एकदा डोळ्यांनी बघू द्या. मग सगळेच निघाले. भालकीपर्यंत बैलगाडी, तिथून हुमनाबाद, गुलबर्गा, अफजलपूर अशी मोटार, आणि शेवटचे चार कोस पुन्हा बैलगाडी. पोहोचले तेव्हा कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते.

सोजराबाईचं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. मागं ऊस, पुढं भीमा. नदीपाशी निजामाचं राज्य संपायचं आणि पलीकडं विजापूरकडचा इंग्रजी मुलूख सुरू व्हायचा. राजूबाईला लग्नानंतर पहिल्यांदाच हाताला काम नव्हतं. सोजराबाई तिला चुलीजवळ येऊ देत नव्हती. "बस की जरा. पाव्हणी हायस तू," म्हणायची. मग राजूबाई गयाला घेऊन नदीवर जायची. गया उथळ पाण्यात बसून वाळूचे ढीग करायची, ऊस चावून चावून हनुवटी चिकट करायची. संध्याकाळी उसातून डासांचे थवे यायचे, ते पदरानं हाकलत दोघी घराकडं यायच्या. दोन आठवडे असे गेले. गया काळी झाली, गालानं भरली.

पाडव्याच्या दिवशी दुपारी गया जेवता जेवता थांबली आणि म्हणाली, "आई, थंडी वाजायली."

बाहेर ऊन कडक होतं. राजूबाईनं तिचा हात धरला तर नखं निळी. बघता बघता पोरगी दात वाजवायला लागली. तासाभरानं थंडी गेली आणि अंग असं तापलं की हात ठेववेना.

सत्यभामाबाईंनी माजघराचं दार ओढून घेतलं आणि सोजराबाईला वाकळा मागितल्या. राजूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत आली.

"पाणी कामून आणलीस?" सासूबाई म्हणाल्या.

"मागायलीय ती."

"तापातलं लेकरू मागतच असतं. द्यायचं नसतं."

राजूबाईनं खाली बसून गयाचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटीनं पाणी पाजलं. घटाघटा प्याली पोर. मग तिनं वाकळ बाजूला सारली, फडकं भिजवून कपाळावर ठेवलं. पोरीच्या तापापेक्षा तिला सासूबाईंची भीती वाटत होती. सत्यभामाबाई उठल्या आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या.

दिवस कलला तसा गयाला दरदरून घाम सुटला, अंग गार झालं आणि ती झोपली.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. गया सकाळी उठून अंगणात कोंबडीमागं धावत होती. सोजराबाईनं भावाला ओवाळलं, डोळे पुसले. सगळ्यांच्या जिवात जीव आला. "उन्हाचं झालं असंल," आप्पाराव म्हणाले. राजूबाई हो म्हणाली खरी, पण दिवसभरात तिनं पोरीच्या कपाळाला इतक्यांदा हात लावला की शेवटी गयाच तिचा हात झटकून पळाली. राजूबाई ताटावरून उठून अंगणात, अंगणातून परत ताटावर, असं करत होती. ताटातलं गोड तसंच राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, सूर्य डोक्यावर असतानाच, गयाचे दात पुन्हा वाजायला लागले.

आता सत्यभामाबाईंनी मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकले. "नवीन जागा, नदीचा काठ. कुणाची तरी दिष्ट लागली," म्हणाल्या. मिरच्यांचा ठसका घरभर झाला. तो ऐकून शेजारची निलम्मा डोकावली. ही लिंगायत बाई, वय पन्नाशीचं, घरी नवऱ्याचं किराण्याचं दुकान. तिनं गयाचे पाय हातानं चाचपले, पापणी ओढून बघितली आणि विचारलं,

"काल ताप होता का, तंगी?"

तंगी म्हणजे धाकटी बहीण. राजूबाईला माहेरची आठवण झाली. "काल न्हवता. परवा होता. ह्याच वक्ताला."

"थंडी आधी, मग ताप, मग घाम?"

"व्हय."

"मग हा चळीज्वर, तुमच्यातला हिवताप. एक दिवस येतो, एक दिवस न्हाई. आज उतरंल, उद्या पोरगी खेळंल, परवा दुपारी पुन्हा येईल. गेल्या साली माझ्या मालकाला पंधरा दिवस असंच. पार काडी झालते."

"मग कशानं गेला?"

"कोयनेल. पांढरी पुडी असती, लय कडू. पलीकडं इंग्रजी गावात टपालात मिळती. तिथं शाळेचा मास्तरच टपाल बघतो."

सत्यभामाबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या, "टपालात कागदं मिळतात. औषध कधीपासून मिळाया लागलं?"

निलम्मा हसली नाही. "मी आणलंय, आत्या," एवढंच म्हणाली.

परतीची मोटार दुसऱ्या दिवशी होती. जागा सांगून ठेवल्या होत्या. चुकली तर पुढची चार दिवसांनी. सकाळी गया नेहमीसारखी उठली आणि ऊस मागायला लागली. अंग गार होतं. आप्पारावांनी गाडी जुंपायला सांगितली, सामान चढवलं, आईला हात देऊन वर बसवलं. सोजराबाईनं गयाच्या हातात गुळाचा खडा दिला. राजूबाई मात्र गाडीच्या चाकाशी पोरीला कडेवर घेऊन उभी राहिली.

"चढ की," आप्पाराव म्हणाले.

"उद्या दुपारी आपण कुठं असू?"

"उद्या? आज गुलबर्गा. रात्री धर्मशाळेत राहू. उद्या दुपारी हुमनाबादच्या वाटंवर असू."

"तिथं हिला थंडी भरली तर? मोटारीत? पाणी कुठलं, सावली कुठली?"

आप्पारावांनी पोरीकडं बघितलं. ती गूळ चाटत होती. "पण ताप उतरलाय की गं."

"परवाबी उतरला होता."

गाडीतून सत्यभामाबाई म्हणाल्या, "तिकडं घर गड्याच्या जीवावर टाकून आलोय. शेजारणीनं एक सांगितलं म्हणून हितंच ऱ्हायचं व्हय? घरी गेल्यावर बघू."

राजूबाईनं आजवर सासूला उलट उत्तर दिलेलं नव्हतं. आताही आवाज चढवला नाही. तिनं फक्त गयाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही जावा आत्याबाई. मी ह्या पोरीला घेऊन गाडीत चढणार न्हाई."

बैल माना हलवत उभे. आप्पाराव भला माणूस, आई आणि बायको यांच्यामध्ये उभं राहायची त्यांना सवय होती, पण तोंड उघडायची नव्हती. त्यांनी पटका काढला, पुन्हा बांधला. मग आईला खाली उतरवलं आणि म्हणाले, "मी एकटाच अफजलपूरला जातो. मोटारवाल्याला सांगतो आणि तिथल्या दवाखान्यात इचारून येतो. सांजच्याला परत येतो."

सांज झाली, ते आले नाहीत. राजूबाई दहादा वाटेच्या कडेपर्यंत जाऊन आली. अंधार पडल्यावर गावातला एकजण निरोप घेऊन आला, की गाडीचा कणा मोडलाय, आप्पाराव आज तालुक्यालाच राहतील. उद्या गाडी नीट झाली की येतील. म्हणजे कधी ते कुणाला ठाऊक नव्हतं. आणि उद्या दुपार तर ठरलेल्या वेळेला येणारच होती.

सकाळी राजूबाई उजाडताच निलम्माच्या दारात गेली. निलम्मानं पलीकडं चालणारी कळदार नाणी तिच्या हातात ठेवली. आपला निजामी हाली शिक्का तिकडं घेत नाहीत, म्हणाली. कुठं उतरायचं, कोणत्या वाटेनं जायचं तेही सांगितलं. ती स्वतः येणार होती, पण दुकानावर कुणी नव्हतं.

आता राहिली गया. तिला पाण्यापलीकडं न्यायचं म्हणजे वाटेतच थंडी भरायची. सोजराबाई शेतात ऊसतोडीच्या लोकांकडं गेलेली. घरात उरल्या सत्यभामाबाई. राजूबाई त्यांच्यापुढं उभी राहिली.

"आत्याबाई, मी पलीकडं जाऊन येते. दुपारच्या आत येईन. नाही आले तर..." तिनं गयाकडं बघितलं. शेवटी म्हणाली, "तिनं पाणी मागितलं तर द्या."

सत्यभामाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "जा," म्हणाल्या.

हे हो होतं की नाही ते राजूबाईला कळलं नाही. ती नदीकडं निघाली, चार पावलं गेली, परत फिरली, दारातून आत बघितलं. गया आजीच्या सुपातले खडे वेचत होती. राजूबाई पुन्हा निघाली.

नदी अजून भरून होती, पण शांत. पलीकडं जायला कातड्यानं मढवलेली मोठ्या टोपलीसारखी गोल होडी होती, तिला हरगोल म्हणत. ती चालवणारा काशप्पा काठावर बसून तंबाखू मळत होता. माणसं जमल्याशिवाय तो निघत नसे. राजूबाईनं त्याला कानडीत सांगितलं, अण्णा, लेकराला ताप आहे, औषध आणायचंय. त्यानं तिच्याकडं बघितलं, तंबाखू तोंडात टाकला आणि वल्हं उचललं. हरगोल गरागरा फिरत प्रवाहात शिरली. राजूबाईनं काठ घट्ट धरला. तिला पोहता येत नव्हतं. पण नदीत असताना तिनं पाण्याकडं एकदाही बघितलं नाही, सूर्याकडंच बघत होती. किती वर आला, किती राहिला.

पलीकडच्या गावात शाळेला कुलूप. दिवाळीची सुट्टी. मास्तर शेतावर गेल्याचं कळलं. शेत कुठं, तर ओढ्यापलीकडं. राजूबाई तिथवर गेली, तर ते दुसऱ्या वाटेनं गावात परतलेले. ती पुन्हा गावात आली. तोवर सूर्य चांगलाच वर आला होता आणि तिच्या पायात काटा मोडला होता, तो काढायलाही ती थांबली नाही.

मास्तर घरी अंघोळ करत होते. दारात बाई उभी आहे म्हटल्यावर ओल्या अंगानं पंचा गुंडाळून बाहेर आले. राजूबाईनं दम न घेता सगळं सांगितलं, कोणत्या दिवशी आला, कोणत्या वेळेला, थंडी कधी, घाम कधी. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं लिहून ठेवलंत की काय बाई?"

"लिहायला येत न्हाई मला."

त्यांनी शाळा उघडली, टपालाच्या पेटीतून पुड्या काढल्या. "नदीपलीकडून आलात. इथल्या लोकांना फुकट देतो म्हटलं तरी घेत नाहीत," म्हणाले. मग चार वर्षांच्या मुलीला किती द्यायची, दिवसातून किती वेळा, पोटात काही गेल्यावर द्यायची, ताप नसला त्या दिवशीही सोडायची नाही, असं एकेक करून सांगितलं. राजूबाईनं ते दोनदा म्हणून दाखवलं. मास्तरांनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळीही शब्द चुकला नाही.

परत येताना काशप्पा माणसं घेऊन अलीकडच्या काठाला गेलेला. त्याची वाट बघत ती काठावरून खाली, खालून वर अशा येरझारा घालत राहिली. वाळू तापून पायाला चटके द्यायला लागली. सूर्य माथ्यावर आला. आता भरली असंल थंडी, आता वाकळा घातल्या असतील, आता मागत असंल, असं तिच्या मनात सारखं चाललं होतं. तिनं दोनदा काशप्पाला हाक मारली. पाणी मध्ये एवढं मोठं की हाक तिची तिलाच ऐकू आली.

अलीकडं उतरल्यावर करोडगिरीचं नाकं होतं. निजामाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेणारा शिपाई खाटेवरून उठला. "क्या है बाई गठडी में?"

"दवा है. बच्ची कू बुखार है."

त्यानं गाठोडं सोडायला लावलं, एक पुडी उघडली, बोटाचं टोक लावून चाखलं. त्याचं तोंड असं काही वाकडं झालं की दुसरी वेळ असती तर राजूबाईला हसू आलं असतं. तो थुंकला, पुडी मिटून परत दिली. "जाव, जाव," म्हणाला.

ती घराकडं पळतच सुटली.

माजघराचं दार उघडं होतं. खिडकीही. सत्यभामाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि गया त्यांच्या मांडीवर होती, तापानं लाल झालेली, डोळे अर्धे मिटलेले. कपाळावर ओलं फडकं. वाकळ कोपऱ्यात घडी करून ठेवलेली. सासूबाईंच्या हातात वाटी होती आणि त्या बोटानं थेंब थेंब पोरीच्या ओठांवर सोडत होत्या.

राजूबाई दाराशीच थबकली.

"मागायली होती," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दिलं." मग वाटीत बघत त्या म्हणाल्या, "तवाबी मागत होता गं त्यो. माझ्याकडंच बघून मागत होता."

सहा वर्षांत त्या पोराचं नाव त्या घरात कुणी काढलं नव्हतं. राजूबाई खाली बसली. तिला म्हणायचं होतं, तुम्हाला ठाऊक न्हवतं आत्याबाई. ते खरंही होतं. पण तिनं फक्त सासूबाईंच्या हातातली वाटी घेतली, रिकामी झाली होती ती भरून आणली आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिली.

घाम सुटून गया सावध झाल्यावर दोघींनी मिळून तिला भाताची पेज भरवली आणि गुळात घोळून पहिली मात्रा दिली. गयानं ती थुंकली. दुसरी केळ्यात घालून दिली, ती गेली. सत्यभामाबाईंनी पोरीचे हात धरले होते आणि पोरगी आजीला लाथा मारत होती.

आप्पाराव तिन्हीसांजेला आले. दवाखान्यातल्या डॉक्टरनं पोरीला बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही, घेऊन या, म्हटलं होतं. राजूबाईनं काय केलं ते ऐकून ते ओट्यावर बसून राहिले. "हरगोलीत बसलीस? एकटी?" एवढंच त्यांनी विचारलं, तेही दोनदा.

सातव्या दिवशी दुपारी सगळे गयाभोवती बसून होते. थंडी आली, पण थोडीच, आणि ताप दिवस कलायच्या आत उतरला. नवव्या दिवशी आलाच नाही. तरी राजूबाईनं मास्तरांनी सांगितलेले सगळे दिवस पुडी चालू ठेवली. तेवढ्या दिवसांत दोन मोटारी आल्या आणि गेल्या. मेहकरला पोहोचले तेव्हा ज्वारी गुडघ्याला आली होती आणि गड्यानं घर नीट सांभाळलं होतं.

पुढं राजूबाईचं आयुष्य इतर बायकांसारखंच गेलं. आणखी दोन मुली झाल्या. आप्पाराव भालकीला गेले की तिथल्या दवाखान्यातून कोयनेल आणत, ते ती डब्यात उंचावर ठेवायची. पावसाळा संपता संपता गावातल्या बाया लेकरं घेऊन यायच्या. ती आधी औषध काढायची नाही. काल होता का, परवा होता का, थंडी आधी का ताप आधी, एवढं विचारायची, आणि पाणी पाजायला लावायची. ताप रोजचा असला, किंवा पोर डोळे फिरवत असलं, तर म्हणायची, हे माझ्याकडचं न्हाई, गाडी जुंपा, दवाखान्यात न्या. आणि ज्या घरातलं पोर आजारी त्या घरी दिवसातून तीनतीनदा जाऊन यायची. स्वयंपाक अर्धा टाकून जायची. आप्पाराव कधी भुकेले बसून राहायचे, पण बोलायचे नाहीत.

सत्यभामाबाई म्हाताऱ्या झाल्या, डोळ्यांनी अधू झाल्या. कुणी नवीन बाई आली की त्यांना ती भीमेची हकिगत सांगायला फार आवडायची. दरवेळी ती थोडी बदलायची. एका वर्षी नदीला पूर आला. नंतर नाक्यावरच्या शिपायाच्या हातात बंदूक आली. आणि शेवटी शेवटी तर त्या सांगायच्या, "मीच म्हणलं हिला, तू जा पलीकडं, पोरीची काळजी करू नकोस, मी बघते. मोटार सोडायलाबी मीच लावली."

ऐकणारी बाई राजूबाईकडं बघायची. राजूबाई भाकरी थापत असायची. "व्हय, आत्याबाईंनीच धाडलं मला," म्हणायची, तव्यावरची भाकरी उलटायची, आणि हात पुसत उठायची. पलीकडच्या आळीत कुणाच्या तरी पोराला सकाळपासून थंडी भरली होती.